दूधगंगेपलीकडचं पेट्रोल

२०२१ च्या दिवाळीत कोल्हापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हा कागलकरांना एक नवा नाद लागला. जेवणं आटोपली की गाडी काढायची, आरटीओचा नाका मागं टाकायचा, दूधगंगेचा पूल ओलांडायचा आणि कोगनोळीच्या बाजूला जाऊन टाकी फुल्ल करून यायचं. मागच्या सीटवर बायको, पुढं टाकीवर पोरगं. जणू काही जत्राच. कर्नाटक म्हणजे आम्हाला परमुलूख नव्हे. तिथल्या पंपावरचा पोरगाही मराठीच बोलतो, "किती टाकू मामा?" म्हणून विचारतो. पण त्या दिवसांत त्याच्या मशीनवरचा आकडा आमच्या मशीनवरच्या आकड्यापेक्षा बराच लहान होता.

कारण साधं होतं. ३ नोव्हेंबर २०२१ ला केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ५ रुपयांनी आणि डिझेलवरचं १० रुपयांनी उतरवलं. कर्नाटकानं त्यावर आपला विक्रीकर आणखी ७ रुपयांनी कमी केला. महाराष्ट्रानं हात आखडता घेतला. मुंबईत लिटरचा भाव ११० रुपयांना दोन पैसे कमी, तर बंगळुरात १०० रुपये ५८ पैसे. गावागणिक वाहतुकीच्या खर्चानं थोडं इकडंतिकडं होतं, पण नदीच्या अलीकडं आणि पलीकडं नऊ-दहा रुपयांची दरी पडली हे खरं. चारचाकीची ३५ लिटरची टाकी भरली की तीनशेच्या वर सुटायचे. मोटरसायकलवाल्याचे फार तर साठ-सत्तर वाचायचे, त्यातले पंधरा-वीस जाण्यायेण्यात जळायचे, आणि उरलेल्यांची वाटेत भजी व्हायची. तरी माणसं जात होती. अलीकडचे पंपवाले मात्र फुकट हवा भरायला आलेल्या गिऱ्हाइकाकडं बघत बसलेले असायचे.

पुढं १४ जुलै २०२२ ला महाराष्ट्रानं पेट्रोल ५ रुपयांनी आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवलं, आणि जून २०२४ मध्ये कर्नाटकानं आपला कर वाढवला. पेट्रोलमधली दरी रुपया-दीड रुपयावर आली, आणि जत्रा उठली.

या जत्रेनं एक गोष्ट मात्र उघडी केली. आपण ज्याला तेलाचा भाव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा तेलाचा नसतोच. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेच्या बाजारात कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्याही खाली, पिंपाला उणे ३७ डॉलरवर गेला होता. तेल घ्या आणि वर पैसेही घ्या, अशी अवस्था. पंधरा दिवसांत आपल्याकडं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क एकदम १० रुपयांनी आणि डिझेलवरचं १३ रुपयांनी वाढलं, आणि जगातली स्वस्ताई कागलच्या पंपापर्यंत पोचलीच नाही. त्याआधी, ऑक्टोबर २०१५ पासून, राज्यानं दुष्काळासाठी म्हणून लिटरला २ रुपयांचा अधिभार लावला होता. तो दुष्काळ सरला, पाऊसही झाला. अधिभार मात्र वेगवेगळ्या रूपांत मुक्कामाला राहिला. गंमत बघा, याच कोल्हापूरनं शहरातल्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि २०१५ च्या अखेरीला तो रद्द करायला लावला. टोल नाक्यावर थांबवून हातातून काढून घेतात, म्हणून तो झोंबतो. लिटरमागचा कर नळीतून टाकीत उतरतो, त्यामुळं त्याच्यावर मोर्चा कुठं न्यायचा हेच कळत नाही.

दरावर आपण बोलबोल बोलतो, पण आपण पेट्रोल कशावर जाळतो याचा हिशेब क्वचितच मांडतो.

माझ्या ओळखीतला एक पोरगा मुरगूडच्या बाजूच्या एका गावातून रोज कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला येतो. फौंड्रीत फेटलिंगला आहे. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा घासून साफ करायचं काम. कायम नाही, ठेकेदाराकडं. एका बाजूला २५ किलोमीटर. येऊन-जाऊन ५०. त्याची जुनी मोटरसायकल लिटरला ५० चं ॲव्हरेज द्यायची, म्हणजे रोज एक लिटर. महिन्याला २६ हजेऱ्या, लिटरला तेव्हा १०४-१०५ रुपये. सत्तावीसशे रुपये नुसते रस्त्यावर जळाले. ऑइल, टायर, चेनसेट वेगळं. हातात पडणारा पगार पंधरा हजारांच्या आसपास. जवळजवळ पाच दिवसांची मजुरी कामावर पोचण्यासाठीच खर्च व्हायची. तो म्हणाला, "काका, पगार मिळवायला पेट्रोल जाळतोय का पेट्रोल जाळायला पगार मिळवतोय, तेच कळंना झालंय."

मी विचारलं, "मग एसटीनं का येत नाहीस?" तो हसला. रात्री बारा वाजता सेकंड शिफ्ट सुटते. त्या वेळेला कुठली एसटी?

या हसण्यामागं बराच इतिहास आहे. कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज जन्मले कागलच्या घाटग्यांच्या घरात, पण रेल्वे मिरजेकडून येऊन कोल्हापुरातच थांबली. ती दक्षिणेला कागलकडं कधी वळली नाही. त्यामुळं कागलचं नशीब बांधलं गेलं ते रस्त्याशी. जुना पुणे-बंगळूर रस्ता, मग नॅशनल हायवे चार, आता अठ्ठेचाळीस. हायवे चौपदरी झाला, आता सहापदरी करायचं काम चाललंय, आणि प्रत्येक पदरागणिक माणसं एकमेकांपासून थोडी लांब राहायला गेली. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कणेरीवाडी, लक्ष्मी टेकडी. पूर्वी कोल्हापूर संपलं की शेतं लागायची आणि मग कागल यायचं. आता कोल्हापूर कुठं संपतं हे सांगणं अवघड आहे. मधल्या पट्ट्यात प्लॉट पाडलेले, एन.ए. झालेले, न झालेले, कारखाने, मंगल कार्यालयं, ढाबे.

कागदावर मात्र कोल्हापूर फार पूर्वीच संपलेलं आहे. १५ डिसेंबर १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, आणि हद्द राहिली तेवढीच, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. पुढची पन्नास वर्षं ती हलली नाही. आसपासच्या गावांना शहरात यायचं नव्हतं. घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षण पडेल ही भीती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. मग तडजोड म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी क्षेत्र विकास प्राधिकरण काढलं. शहर असं वाढलं खरं, पण ग्रामपंचायतींच्या अंगणात, तुकड्यातुकड्यानं. अशा विखुरलेल्या वस्तीला बस परवडत नाही. बस चालते ती दाट वस्तीवर, एका थांब्यावर वीसेक माणसं चढली तर. इथं एका फाट्यावर दोन, पुढच्या फाट्यावर तीन. कोल्हापूर महापालिकेची बस, केएमटी, कागलपर्यंत येते, पण हायवेच्या आत, वसाहतीच्या गल्ल्यांत, कसबा सांगाव-तळंदगेकडं शिफ्टच्या वेळा धरून ती कुणाला नेणार? ती जागा वडापनं भरून काढली. आमच्याकडं जीपला नाही, त्या धंद्यालाच वडाप म्हणतात. माणसं ओढून आत कोंबायची आणि निघायचं. आणि वडापही जिथं पोचत नाही तिथं दुचाकी. २८ ऑक्टोबर २०२१ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा ज्यांच्याकडं दुचाकी नव्हती त्यांनीही हप्त्यावर घेतली. संप मिटला, एसटी रस्त्यावर आली, पण हप्ता सुरू झालेला माणूस पुन्हा एसटीत चढत नाही. म्हणजे पेट्रोल पलीकडच्यापेक्षा नऊ-दहा रुपयांनी महाग असताना, त्याच हिवाळ्यात, जिल्ह्यातलं पेट्रोलवरचं अवलंबित्व वाढत होतं.

असं आपल्याकडंच झालंय असं नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, एकासारखं एक घर, प्रत्येकाला अंगण, आणि प्रत्येक कामाला मोटार. पेट्रोल पाण्याच्या भावानं होतं तोवर लांब राहणं स्वस्त पडायचं. २००८ च्या जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, त्याच सुमाराला घरकर्जांचा फुगा फुटत होता, आणि शहरापासून लांबच्या घरांचे भाव सगळ्यात जास्त कोसळले. घराचा हप्ता स्वस्त म्हणून लांब गेलेल्यांना पेट्रोलचा हप्ता बसला होता. उलट उदाहरण हॉलंडचं. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा डच सरकारनं ४ नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद ठेवल्या. रिकाम्या हायवेवर पोरं स्केटिंग करायला लागली. त्या रविवारांनी डच लोकांना आपली गावं मोटारीशिवाय कशी दिसतात हे दाखवलं, आणि रस्त्यांवरच्या पोरांच्या अपघाती मृत्यूंविरुद्ध आधीच चाललेल्या चळवळीला बळ मिळालं. आजचा सायकलींचा हॉलंड हा त्यानंतरच्या दशकांचा. आपल्याकडं त्याच नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. फोटो छान आला. पण बैलगाडी ही आपल्याकडं तेव्हा निषेधाची वस्तू नव्हती. खेड्यात ती रोजची गाडी होती, आणि तिथं तिची जागा इंजिन घेऊ लागलं होतं.

तेल थांबलं तर काय होतं याचा एक नमुना आम्ही बघितला आहे. ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर चढलं. दक्षिणेला निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेनं हायवे गिळला. कागल मध्ये. ना इकडून वाट, ना तिकडून. हायवेवर ट्रकांची रांग लागली, ती दिवसेंदिवस हलेना. पेट्रोल-डिझेलचे टँकर येतात ते उत्तरेकडून, सांगली-मिरजेच्या बाजूच्या डेपोंतून, आणि ती बाजू तर आमच्यापेक्षा जास्त बुडालेली. कोल्हापुरात पंपांवर शिल्लक असलेलं तेल रुग्णवाहिका, बोटी, बचावकार्य यांच्यासाठी राखून ठेवलं. गोकुळ दूध संघाचं संकलन थांबलं. म्हैस पुरातही दूध देते, तिला थांबा म्हणता येत नाही. पण कॅन नेणारा टेम्पो येईना, आणि आला तरी मुंबई-पुण्याला टँकर कुठून जाणार? गावागावांत लोकांनी दूध शेजाऱ्यांना वाटलं, खवा आटवला, काहींनी ओतून दिलं. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात भाजी नव्हती, गॅसची टाकी संपलेल्यांनी चुली पेटवल्या, आणि पाणी चढवायला मोटरला लाइट नव्हती.

एक मात्र लख्ख आठवतं. चौथ्या-पाचव्या दिवशी रस्त्यावर आवाजच नव्हता. हायवेपासून अर्ध्या किलोमीटरवर राहणारा माणूस त्या आवाजाला इतका सरावलेला असतो की तो थांबला की कान वाजायला लागतात. आठवड्यानं हायवे सुटला आणि पहिला ट्रक गेला तेव्हा आमच्या आईनं "झालं बाई सुरू" म्हणून सुस्कारा सोडला. तो आनंदाचा होता की वैतागाचा, तिलाही सांगता आलं नसतं.

पण कागलचं तेलाशी नातं फक्त गिऱ्हाइकाचं नाही. तेल जाळणारी यंत्रं बनवून आमच्यातले कित्येकजण जेवतात. हे नातं थोडं मागून सांगायला हवं.

आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन होतं. ते सुरू करणं हा एक सोहळा असायचा. वडील वरची कळ उचलून धरायचे, म्हणजे सिलिंडरमधली हवा मोकळी व्हायची. मग लोखंडी हँडल फ्लायव्हीलच्या दांड्यात अडकवून गरागरा फिरवायचं. चाकानं वेग धरला की कळ टपकन सोडायची, आणि इंजिन एक मोठी उचकी देऊन टुक-टुक-टुक बोलायला लागायचं. हँडल वेळेवर काढलं नाही तर मनगट गेलंच म्हणून समजा. पट्ट्यानं पंप फिरायचा. पंपाच्याच पाण्याची एक बारीक धार इंजिन थंड करायला त्याच्या अंगातून खेळवलेली असायची, आणि पलीकडून ती कोमट होऊन पडायची. थंडीत आम्ही पोरं त्या कोमट पाण्याखाली आंघोळ करायचो. अंगाला साबणाच्या आधी डिझेलचा वास लागायचा.

ते इंजिन बहुतेक कोल्हापुरातच बनलं असावं. शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्र्यांनी इंजिनं उघडून, मोजून, साचे काढून आपली इंजिनं बनवली, आणि त्यातून शहराचा लोखंडाशी संसार सुरू झाला. तिकडं पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली होती. तिचा एक मोठा कारखाना आज कागलच्याच पंचतारांकित वसाहतीत आहे. मोट जाऊन इंजिन आलं तेव्हा बैलांना विसावा मिळाला, आणि थोड्याच वर्षांत बैलांना कामच उरलं नाही. कागलच्या आनंद यादवांनी १९७१ च्या 'गोतावळा' कादंबरीत हेच धरलं आहे. मालक ट्रॅक्टर आणतो, आणि ज्या जनावरांना गडी आपली माणसं समजतो ती एकेक करून दावणीवरून उठतात. तेलानं शेतीत काय बदललं यावर मी बरेच अहवाल वाचले. एवढं स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही.

मग खेड्यांत वीज पोचली. विजेच्या मोटरला ना हँडल, ना डिझेल. ऑइल इंजिनचा खप ओसरला. उद्यमनगरच्या फौंड्र्यांकडं बीड ओतायचं कसब होतं, भट्ट्या होत्या, आणि काम कमी होत चाललं होतं. त्यांना वाचवलं ते, म्हटलं तर, सद्दाम हुसेननं. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेतमध्ये फौजा घातल्या, कच्चं तेल दोन-तीन महिन्यांत दुपटीच्या वर गेलं, आखातातून आपल्या माणसांनी पाठवलेले पैसे आटले. देशाची तिजोरी आधीच कर्जानं पोखरलेली होती. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण पडलं, रुपयाचं अवमूल्यन झालं, आणि परवान्यांचं राज्य मोडायला सुरुवात झाली. दोन वर्षांत मोटारींचा धंदाही परवान्यातून सुटला. परदेशी कंपन्या आल्या, पुण्या-चाकणला, चेन्नईला मोटारी बनू लागल्या, आणि त्यांना इंजिनचे ब्लॉक, सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम, फ्लायव्हील हाउसिंग हवे होते. ते ओतणारे हात कोल्हापुरात तयार बसले होते. शिरोली भरली, गोकुळ शिरगाव भरलं, आणि मग कागल-हातकणंगलेच्या माळावर पंचतारांकित वसाहत पसरली. तेलाच्या भडक्यानं देश गुडघ्यावर आला आणि त्यातून कागलच्या माळाला भाव आला. अर्थकारणात असले उफराटे खेळ असतात.

उफराटेपणा दुसऱ्या बाजूनंही चालतो. २००८ मध्ये तेल आधी १४७ वर गेलं, मग मंदीत कोसळलं. पेट्रोल स्वस्त होईल म्हणून आनंद मानावा तर मोटारींच्या ऑर्डरी थांबल्या आणि फौंड्रीत तीनाच्या दोन, दोनाची एक शिफ्ट झाली. २०१९ लाही तेच, मोटार उद्योगाला मरगळ आली आणि त्यावर महापूर. शिफ्ट तुटली की आधी ठेकेदाराची माणसं घरी जातात. ज्या दिवशी पोराचं पेट्रोल वाचतं, त्या दिवशी त्याची हजेरीही गेलेली असते.

तेलाशी बांधणारा तिसरा दोर उसाचा. कागल तालुक्यात शाहू, हमिदवाड्याचा मंडलिक, बेलेवाडी काळम्म्याचा घोरपडे आणि बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा असे चार साखर कारखाने. काळम्मावाडी धरणाचं पाणी, दूधगंगेचा काठ आणि ऊस हे इथलं समीकरण. या पाण्यावर इथल्या माणसाचा जीव एवढा की इचलकरंजीला सुळकुडातून पाणी न्यायचं म्हटलं तरी नदीकाठ पेटून उठतो. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो. त्यातला काही भाग उसातून काढू, या विचारानं २००३ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. बरीच वर्षं ते रडतखडत चाललं. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्के गाठलं, आणि २०३० चं २० टक्क्यांचं लक्ष्य अलीकडं ओढून २०२५ मध्येच पुरं केलं. कारखान्यांना हे मानवलं. साखर गोदामात वर्षभर पडून राहते, व्याज चढतं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या लवकर देतात. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) द्यायची असा कायदा आहे. तो पाळायला हातात रोकड लागते.

म्हणजे आमचा ऊस आखाती तेलाला पर्याय झाला म्हणायचं का? थोडा झाला. पण त्याच्याही मुळाशी तेल आहेच. ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं येतो तो डिझेलवर. उसाला घातलेला युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि तो वायू बराचसा जहाजातून येतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, म्हणून गाडीचं ॲव्हरेज थोडं पडतं, हे आमच्या गॅरेजवाल्याला कुठलाही अहवाल न वाचता कळलं. आणि पाऊस? ७ डिसेंबर २०२३ ला, पाऊस कमी म्हणून साखर कमी पडेल या धास्तीनं, केंद्रानं त्या हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला एकदम बंदी घातली. गाळप सुरू होतं. कर्ज काढून नव्या डिस्टिलऱ्या बांधलेले कारखाने डोक्याला हात लावून बसले. आठवड्याभरानं थोडी मोकळीक दिली, पुढच्या हंगामासाठी बंदी उठवली. पण हादरा बसला तो बसला. आखातात युद्ध झालं तर पेट्रोल भडकतं आणि इथं पाऊस हुकला तर इथेनॉल अडतं. होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून आम्ही काळम्मावाडीच्या सांडव्यापाशी आलो, एवढंच.

आता विजेच्या गाड्या आल्या. त्यांच्याबद्दल शहरात बोलतात ते हवेबद्दल, खर्चाबद्दल. वसाहतीत वेगळंच बोलणं चालतं. विजेच्या गाडीला इंजिन ब्लॉक नसतो, सिलिंडर हेड नसतं, धुराचा मॅनिफोल्ड नसतो. मोटरचं घर असतं, पण ते ॲल्युमिनियमचं, प्रेशरनं साच्यात दाबून बनवलेलं. बीड ओतणाऱ्याला ॲल्युमिनियम येत नाही असं नाही, पण मशिनरी वेगळी, भांडवल वेगळं, आणि कारखाना पुन्हा पहिल्यापासून उभा करायचा. ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटर यांची इंजिनं एवढ्यात कुठं जात नाहीत, असं मालक लोक सांगतात. ते खरंही असेल. ब्रेक ड्रम आणि हब तर विजेच्या गाडीलाही लागतातच. पण ऑइल इंजिनच्या वेळीही "शेतकरी लायटीच्या भरवशावर थोडाच राहणार" असं उद्यमनगरात म्हणत असत, हे माझ्या वडिलांनी ऐकलेलं.

तो मुरगूडकडचा पोरगा गेल्या पावसाळ्यात मला हायवेच्या कडेला चहाच्या गाड्यावर भेटला. शेजारी विजेची स्कूटर उभी, वापरलेली, हप्त्यावर घेतलेली. मी म्हटलं, "अरे वा!" तो म्हणाला, "काका, महिन्याला दोन हजार वाचतात. हप्ता त्यातच बसतो." हात धुतले तरी नखांत काळं बीड होतं. तो ज्या कास्टिंगच्या कडा घासतो ते इंजिनचे ब्लॉक असतात, हे त्याला ठाऊक आहे. "सगळ्यांनी अशी घेतली तर आमचं काय, असं सुपरवायझर चेष्टेनं म्हणतो," तो म्हणाला. मग चहा संपवून गाडीची चावी फिरवली. आवाज आला नाही, म्हणून मी जरा बावचळलो.

घरात सोप्याला प्लग नाही म्हणून तो रात्री स्कूटर गोठ्यात लावतो. एका खुंटीला म्हैस, दुसऱ्या खुंटीला चार्जरची वायर. पहिले काही दिवस तो हिरवा दिवा लुकलुकायचा तेव्हा म्हैस बिचकून दावं ताणायची आणि सकाळी दूध कमी यायचं. आईनं दिव्यावर पोत्याचा तुकडा टाकला. आता बिचकत नाही.